आतलं टोपण

शाळेत तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि एकदा एखाद्या गोष्टीला लागली की सुटायची नाही. पुढे ती नर्स झाली आणि मधुमेहाच्या दवाखान्यात लोकांना इन्सुलिन टोचून घ्यायला शिकवू लागली, तेव्हा तिच्या वर्गातल्या मुलींना फार हसू आलं. मी तिची शाळेतली बाई, मीही हसले. दर महिन्याला रक्त तपासायला मी तिथेच जाते, त्यामुळे पुढचं सगळं मला बाकावर बसूनच कळत गेलं, आणि उरलेलं तिने सांगितलं.

जिन्याखालच्या खोलीत तिचा वर्ग भरतो. पाच खुर्च्या, एक टेबल, पाऊल तपासायला उंच स्टूल, आणि जाड स्पंजचा एक तुकडा. त्या स्पंजला ती पोट म्हणते. "हे आपलं पोट. ह्याला भूक नाही, त्यामुळे ह्याची साखर वाढत नाही." या वाक्याला नवे लोक हसतात. ती थांबते, त्यांना हसू देते, मग पुढे जाते.

गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. सकाळी बूट घालायला वाकला, तो उठलाच नाही. तीन आठवड्यांनी ती कामावर आली आणि त्याच जागी थांबून लोकांना हसू देऊ लागली. मी एकदा विचारलं, "कशी आहेस गं?"

"बरी आहे, बाई. काही वाटत नाही. बसून बसून पाय बधिर होतो ना, तसं. मुंग्यासुद्धा येत नाहीत."

हे तिने माझ्या दंडाला पट्टा बांधता बांधता, रक्तदाबाचा आकडा सांगावा तसं सांगितलं.

त्या दिवसांत तिच्या कामात एक बारीकसा बदल झाला होता. आधी ती सगळ्यांसमोर इन्सुलिनच्या पेनला सुई लावायची. सुईवर दोन टोपणं असतात, बाहेरचं मोठं आणि आतलं काडीसारखं बारीक. दोन्ही काढून दाखवायची. नंतर ती सकाळीच पेनं तयार करून ठेवू लागली. सुई लावलेली, आतलं टोपण काढून टाकलेलं, वर फक्त मोठं टोपण. तेवढंच कमी बोलावं लागायचं.

अशाच एका सकाळी शिंपीकाका आणि काकू आले. काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. दुकानात खाली पडलेली टाचणी त्यांच्या अंगठ्यात दोन दिवस होती आणि त्यांना पत्ता नव्हता. पायमोजा धुताना काकूंना रक्त दिसलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर खाली आली तर जखम भरेल, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

"मशीनचं पायडल ह्याच पायाने चालतं," काका म्हणाले. "डावा नुसता सोबतीला असतो."

"चाळीस वर्षं लोकांना टोचतायत," काकू म्हणाल्या, "आता स्वतःला टोचून घ्यायचं म्हटल्यावर घाम फुटलाय."

"लोकांना नाही, कापडाला."

"त्या मुनिमांना विचारा, ट्रायल घेताना काय झालं ते."

टाचणीने मोठं टोपण काढलं, पेन स्पंजमध्ये खुपसलं, बटण दाबलं, दहा आकडे मोजले. "सुया आता इतक्या बारीक असतात की कळतसुद्धा नाही. बाहेर एखादा थेंब आला तरी घाबरू नका. वापरलेल्या सुया मोठं टोपण लावून जाड डब्यात जमा करा. समजलं?"

"समजलं," दोघं एकदम म्हणाली.

मी पस्तीस वर्षं हा प्रश्न विचारला आहे आणि पस्तीस वर्षं मला हेच उत्तर मिळालं आहे. तिलाही ते ठाऊक होतं. म्हणून पूर्वी ती प्रत्येकाकडून एकदा करवून घ्यायची. त्या दिवशी घेतलं नाही.

काका नेमाने टोचू लागले. साखर हलेना. डॉक्टरांनी डोस दहा युनिटचा सोळा केला, मग बावीस. पाच आठवडे झाले. जखम काळी पडू लागली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इंजेक्शन घेत नाही, किंवा चोरून गोड खाताय."

"खात असतील," काकू म्हणाल्या. "माझा ह्यांच्यावर भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी काका लंगडत एकटेच आले, बगलेत बटणांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. तो टाचणीच्या टेबलावर ठेवला. "सिस्टर, एकही चुकवलेली नाही. मोजून घ्या. डॉक्टरांना सांगा, मी खोटं बोलत नाही."

तिने डबा उघडला. वरची एक सुई घेऊन मोठं टोपण काढलं. आत बारीक टोपण तसंच होतं. दुसरी उघडली. तिसरी. डब्यातल्या सगळ्या सुयांनी आपापली टोपणं घातलेली होती.

"काका, टोचताना दुखायचं?"

"अजिबात नाही. तुम्ही म्हणालात तस्सं. पोट जरा ओलं व्हायचं, मी पुसून घ्यायचो." मग ते कौतुकाने हसत म्हणाले, "काय सुया निघाल्यात. आमच्या धंद्यात अशी एक हवी होती."

तिने त्यांना हसू दिलं. मग एका कोऱ्या सुईचं बारीक टोपण काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी आधी टोपणाकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या सुईकडे. सुईचं टोक त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"हे मी तुम्हाला दाखवलंच नव्हतं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. आणि आता बावीस टोचू नका. इतके दिवस काहीच आत गेलेलं नाही. एकदम बावीस गेलं तर साखर धाडकन उतरेल, चक्कर येऊन पडाल. बसा इथेच."

ती वर जाऊन डॉक्टरांना जसंच्या तसं सांगून आली. डॉक्टर रागावले, डोस पुन्हा दहावर आणला. ती खाली आली, काकांना स्वतःसमोर टोचून घ्यायला लावलं. सुई आत गेली तेव्हा काका "आई गं" म्हणाले. मग ती हात धुवायला गेली. मला नंतर म्हणाली, "बाई, मी नळाखाली उभी होते आणि तेव्हाही काही वाटलं नाही. तेवढ्याची मात्र भीती वाटली."

साखर उतरली, पण अंगठ्याला उशीर झाला होता. तो काढावा लागला. पाऊल वाचलं. काकूंनी तिला एक शब्द ऐकवला नाही. त्या फक्त दर खेपेला दारात थांबून विचारत, "आज सगळं दाखवलंत ना ह्यांना?" ती "हो" म्हणायची.

आता ती सकाळी पेनं तयार करत नाही. प्रत्येकाच्या हातावर दोन्ही टोपणं ठेवते आणि त्याने स्वतः करून दाखवल्याशिवाय खुर्चीवरून उठू देत नाही. वर्ग लांबतो. बाहेर आम्ही कुरकुरतो.

गेल्या महिन्यात काका पाऊल तपासायला आले होते. दार अर्धं उघडं होतं. काका स्टूलवर, डोळे मिटून. ती नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवायची, आणि कळलं की त्यांनी हो म्हणायचं.

तिने एकेक करत दहा ठिकाणी तंतू टेकवला आणि हात मागे घेतला. मग काका म्हणाले, "हो."

"काका, आत्ता मी टेकवलंच नव्हतं."

"असं होय."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही इतका वेळ वाकून बसलाय. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

ती तशीच, त्यांचं चार बोटांचं पाऊल हातात धरून बसली. मग तिने कार्डावर पावलाचं चित्र काढलं, दहा ठिपके दिले, आणि एकही कळला नव्हता म्हणून दहाही ठिपक्यांपुढे फुली मारली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "पुन्हा करू. आणि वाटलं तरच सांगा."