आराशीची तीट

माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, चेरीतालच्या घरी काचेच्या कपाटात एक कापडी बाहुली आहे. बाहुली म्हणायचं, पण आहे तो बाप्या. काळंकुट्ट तोंड, बशीएवढे पांढरे डोळे, कानापर्यंत फाकलेले लाल ओठ, डोक्यावर लोकरीचं जंजाळ, अंगात निळा कोट आणि लाल विजार. आमच्या घरात त्याला कोणी पुरुष मानलंच नाही. काळी आहे ना, मग ती दृष्ट काढणारी बाहुलीच असणार, असं आईनं ठरवलं. आईनं ठरवलं की बाबांच्या दृष्टीनं तो विषय संपायचा.

तेव्हा आम्ही याच शहरात, रांझीला, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. राज्यांची वाटणी होऊन नागपूर तिकडं मराठी राज्यात गेलं होतं, आम्ही इकडं हिंदी मुलखात राहिलो होतो, आणि इकडं राहिलेल्या मराठी बायकांनी सणवार जरा जास्तच घट्ट धरले होते. चैत्रात घरोघरी गौर बसायची. खोक्यांवर चादर पसरून पायऱ्या करायच्या, वर पाळण्यात गौर, आणि खालच्या पायऱ्यांवर घरात असतील नसतील तेवढी खेळणी मांडायची. हळदीकुंकवाला आलेल्या बाया देवीला कसाबसा नमस्कार करून आधी आरास न्याहाळायच्या. नावं ठेवायचं काम आंब्याची डाळ खाताखाता चालायचं.

एका वर्षी कारखान्यातल्या एका अँग्लो-इंडियन साहेबाचं कुटुंब कायमचं विलायतेला निघालं आणि त्यांनी बंगल्यातलं सामान विकायला काढलं. आई-बाबा ताईला घेऊन गेले. मला ताप होता, म्हणून मी शेजारी राहिले. परत आले तेव्हा आईच्या पिशवीतून ही बाहुली निघाली. "तुझ्यासाठी आणली," आई म्हणाली. "साऱ्या ढिगातून तुझ्यासाठी निवडून काढली." मी पाच वर्षांची होते. आई मला निवडून काही आणते, हे मला नवीन होतं.

कारण आमच्या घरात निवड व्हायची ती ताईची. ताई गोरी, आईसारखी. मी काळी. मी कुणावर गेले यावर घरात एकमत नव्हतं. आईकडचे बाबांकडं बोट दाखवायचे, बाबांकडचे आईकडं. मधल्या मध्ये मी कुणाचीच नव्हते.

ही बाहुली आल्यावर मात्र माझं स्थान पक्कं झालं. आराशीच्या खालच्या पायरीवर, कोपऱ्यात, आईनं तिला बसवलं. इतक्या सुंदर आराशीला दृष्ट नको लागायला. मग माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "तूही बस हिच्यापाशी. ही आराशीची तीट, तू आमच्या घरची." बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, ती तीट. येणाऱ्या बाया हसायच्या, माझी हनुवटी धरायच्या आणि आपल्या ओटीतले मूठभर हरभरे मला द्यायच्या. ते नाव मला चिकटलं. शेजारपाजारच्या बायांना माझं दुसरं नाव माहीतच नव्हतं.

आणि मला त्याचा अभिमान होता. मला वाटायचं, ताई शोभेची आहे, पण राखण माझ्याकडं आहे. गौरीचं हळदीकुंकू असलं की मी पाणी प्यायलाही जागची उठायची नाही. मी उठले आणि तेवढ्यात कुणाची नजर लागली तर? पुढच्या वर्षी आईनं मला लाल घेराचा, निळ्या बाह्यांचा फ्रॉक शिवला. अगदी बाहुलीसारखा. मी तो घालून रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना दाखवून आले. लग्नानंतर सासरी माझ्या रंगावरून कोणी बोललं, की मी मनात म्हणायची, तुम्हाला काय कळणार, आमच्या घरात माझ्या रंगाला काम होतं.

आई गेल्यावर बाहुली ताईकडं आली. गेल्या वर्षी ताईची मुलगी परदेशातून आली. कपाटापुढं उभी राहून ती म्हणाली, "आई, ये यहाँ क्यों रखी है?" तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना अडखळली की ती हिंदीत शिरते. तिनं आम्हाला समजावलं. तिकडं ही बाहुली आता कोणी कपाटात ठेवत नाही. काळ्या माणसांची थट्टा म्हणूनच तिचं तोंड असं काढलेलं. तिचं जे नाव, तीच त्या लोकांना द्यायची शिवी झाली. फोनवर तिनं जुनी चित्रं दाखवली. तसेच डोळे, तसेच ओठ, आणि भोवती हसणारी गोरी मुलं.

मला राग आला, पण भाचीचा. मी म्हटलं, "तिकडं काय करायचं ते करू देत. आम्हाला कुठं माहीत होतं? आमच्या घरात तिला मान होता. आईनं ढिगातून निवडून आणली होती."

माझी बाजू घ्यायला ताई पुढं सरसावली. "हो ना. अगं, तिथं टेबलावर सामान मांडलेलं होतं. आईनं ही उचलली आणि बाबांना म्हणाली, 'पाहा ना, आपली धाकटी इथं काहून येऊन बसली?' आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की मेमसाहेब विचारायला आली. आईनं तिला खुणेनं सांगितलं, घरी अशीच एक आहे. मग तीही हसून राहिली. अन् तुझा तो फ्रॉक, हिच्याच कपड्यांवरून बेतला होता. बायांना दाखवायला. मजा यायची ना गं?"

ताई अगदी प्रेमानं सांगत होती. तिच्या लेखी तो आमच्या बालपणातला एक गोड प्रसंग होता. भाचीनं मान खाली घातली. मी बाहुलीकडं बघत राहिले. आईला विलायतेतलं काही ठाऊक नव्हतं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तरी त्या बाहुलीतली थट्टा तिला पाहताक्षणी बरोबर कळली, आणि तिला आठवले ती मीच. बाया माझी हनुवटी धरून का हसायच्या, ते मला या वयात कळत होतं. मी राखण करत नव्हते. मी आराशीतलं एक खेळणं होते, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आईनं मला फसवलं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं, आणि ते अजून मागं घेतलेलं नाही.

यंदाच्या चैत्रात ताईनं महिला मंडळाच्या बायांना घरी बोलावलं होतं. जुन्या खेळण्यांची आरास मांडायची होती. कोपऱ्यात बाहुली ठेवायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, "ही नको."

"तू काहून इतकं मनाला लावून राहिली? खेळणंच तर आहे."

भाची फोनवर होती. तिनं मधला मार्ग काढला. ठेवा, पण बाजूला चिठ्ठी लावा, बाहुली कुठून आली आणि का बनवली ते लिहा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल. ताईला ते पटलं. ती पेन घेऊन बसली.

"लिही," मी म्हटलं. "ही बाहुली काळ्या माणसांना हसायला बनवली. आमच्या आईनं ती घरातल्या काळ्या मुलीला हसायला आणली."

ताईनं लिहिलं नाही. "आईचं नाव खराब होईल गं," ती हळूच म्हणाली.

"मग नको ठेवू."

तिनं बाहुली कपाटात परत ठेवली. संध्याकाळी बाया आल्या. कोपरा रिकामा होता, तिथं ताईनं मोगऱ्याची फुलं ठेवली होती. मी डाळीच्या वाट्या देत फिरत होते. रांझीतल्या आमच्या जुन्या शेजारणीला तिच्या सुनेनं हाताला धरून आणलं होतं. नव्वदीला टेकलेली बाई, तिनं गौरीला हात जोडले, आरास वरून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "अन् तीट कुठं गेली गं?"

ताई कुंकू लावत होती. तिनं विचारही केला नाही. हसून माझ्याकडं बोट केलं, "ही काय, उभी आहे ना."

बाया हसल्या. वाईट मनानं नव्हे, पन्नास-साठ वर्षांपूर्वी हसायच्या तशाच. म्हातारीनं सवयीनं माझ्या हनुवटीकडं हात नेला. मी तो मधेच धरला, तिच्या हातात डाळीची वाटी ठेवली आणि तिला माझं नाव सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. तिनं सुनेकडं पाहिलं, आणि या नावाची कोण म्हणून विचारलं.