खानदानातली एकच पगार-स्लिप

आमच्या खानदानात पगाराची स्लिप फक्त माझ्याकडे आहे. बाकीचेही कमावतात, काही तर माझ्यापेक्षा बरंच जास्त. माझा धाकटा भाऊ टेम्पोत रेडिमेड कपडे भरून हरसूल, पेठ, वणी असे आठवडे बाजार करतो. नवरात्रात वणीला त्याचा जो गल्ला होतो, तो बघून मला माझी शाळेतली खुर्ची टोचायला लागते. पण त्याचा सगळा धंदा शर्टाच्या आतल्या खिशात. कागदावर तो बेकारच. आमच्या यांची नोकरी कंत्राटी, कंत्राटदार सारखा बदलतो, म्हणजे कागदावर तेही जेमतेम. मी मात्र अनुदानित शाळेतली क्लार्क. दर महिन्याला छापील पगार.

त्यामुळे नात्यात कुणालाही काही हप्त्यावर घ्यायचं झालं की ते माझ्याकडे येतात. याला कुणी उपकार म्हणत नाही, ती रीतच पडून गेली आहे. मला रिक्षाने नाशिकरोडच्या दुकानात नेतात. मी आधार, पॅन, स्लिप देते, दुकानदार माझा फोटो काढतो. मग वस्तू त्यांच्या घरी जाते आणि मी पाणीपुरी खाऊन माझ्या घरी येते. दिराचा फ्रीज, नणंदेच्या मुलाची मोटरसायकल, भावाचा मोबाइल, भावजयीचं शिलाई मशीन. माणसं सगळी सरळ, खोटं कशाला बोलू. महिना झाला की आपापला हप्ता माझ्या हातात आणून देतात, वर चहा पिऊन जातात. एकानेही बुडवला नाही. मला या गोष्टीचा गर्व होता.

आई माझ्याकडे राहते. तिचे कान हळूहळू गेले. रविवारी विहारात वंदनेला बसली की सगळ्यांचं ‘संघं सरणं गच्छामि’ म्हणून व्हायचं आणि मग आईचं एकटीचं ऐकू यायचं. पोरं हसायची. मग ती जाईनाशीच झाली, गुडघे दुखतात म्हणाली. घरात तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. ‘चहा घेतेस का’ हे ओरडून विचारता येतं. आज ऑफिसात कोण काय बोललं आणि माझ्या जिवाला ते कसं लागलं, हे ओरडून नाही सांगता येत. होता होता आमच्या दोघींत चहा आणि गोळ्या एवढाच विषय उरला.

डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन सांगितलं. उशीर करू नका, म्हणाले. ऐकायची सवय एकदा मोडली की मग मशीन लावूनही शब्द नीट लागत नाहीत. मशीनच्या दुकानात किंमत ऐकली आणि क्षणभर मलाच ऐकू येईना. दुकानदार सवयीचा असावा. म्हणाला, बिनव्याजी हप्ते आहेत ताई, फक्त क्रेडिट कार्ड लागेल. मला हायसं वाटलं. हप्ता म्हटलं की मी माहेरी आल्यासारखी असते.

कार्डासाठी अर्ज केला. काही दिवसांनी बँकेतल्या मुलीचा फोन आला.

“मॅडम, तुमचा स्कोअर फारच छान आहे.”

मी थँक्यू म्हणाले.

“पण कार्ड मंजूर नाही झालं.”

मुलगी बिचारी शांत होती. तिने सगळं समजावून सांगितलं. स्कोअरवरून कळतं की माणूस घेतलेलं वेळेवर फेडतो का. ते झालं एक. दुसरं असं की हातात पगार किती येतो आणि त्यातला किती आधीच हप्त्यांत जातो. “तुमचा निम्म्याहून जास्त जातोय, मॅडम. वर कार्ड दिलं तर ते फेडणार कशातून?”

“अहो, ते हप्ते माझे नाहीत.”

“तुमच्या नावावर आहेत.”

“नावावर आहेत. पण फ्रीज दिराकडे आहे.”

ती म्हणाली, “मॅडम, फ्रीज कुठे आहे हे आम्हाला दिसत नाही.”

तिच्यावर चिडायला जागा नव्हती, म्हणून मी फ्रीजवर चिडले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी नीट पाहिलं होतं. अंथरूण माझं होतं, पाय खानदानाचे होते.

मग मी घरोघर फिरले. एखाद्याने आपलं कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं तर माझ्या पगारात जागा होणार होती. दीर म्हणाला, वहिनी, फेडलं असतं हो, पण आत्ताच घराचं रंगकाम काढलंय. नणंदेच्या मुलाने मान डोलावली आणि मोटरसायकलवर बसून निघून गेला. भाऊ म्हणाला, बघतो. सगळ्यांनी आईची चौकशी केली. कानाला लसणाचं तेल चांगलं, असंही सांगितलं.

पुढच्या रविवारी दुपारी भाऊ स्वतःहून आला. आई कॉटवर बसून लसूणच सोलत होती. मला वाटलं, मोबाइलचं कर्ज फेडायला आला. त्याने आतल्या खिशातून नोटांची गड्डी काढून टेबलावर ठेवली.

“ताई, जुना टेम्पो आता पेठचा घाट चढत नाही. नवा बघितलाय. हे डाउनपेमेंट तयार आहे, बाकी तुझ्या नावावर करू. तुझा स्कोअर एवढा चांगला आहे म्हणतेस.”

ते त्याला मीच सांगितलं होतं, कौतुकाने.

“नाही,” मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. हा शब्द त्याने माझ्या तोंडून ऐकलेला नव्हता. “म्हणजे पुढच्या महिन्यात?”

“नाही. आता कुणाचंच नाही. मला आईचं मशीन घ्यायचंय.”

“काय झालं?” आईने विचारलं.

मी जवळ जाऊन ओरडून सांगितलं की हा टेम्पो मागतोय आणि मी नाही म्हणतेय, तुझ्या कानांसाठी. गल्लीतल्या सगळ्यांना ते कळलं. आईलाही कळलं. ती लसणाची पाकळी सोलत म्हणाली, “दे की त्याला. त्याचा धंदा आहे. मला काय ऐकायचंय आता या वयात?”

माझा असा संताप झाला की काय सांगू. भावावर नाही, बँकेवर नाही, तिच्यावर.

“तुला नसेल ऐकायचं,” मी ओरडले, “मला बोलायचंय! मला तुझ्याशी हळू बोलायचंय, आई!”

समोरच्या घरातल्या बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. आईने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. भाऊ बराच वेळ त्या गड्डीकडे बघत होता. हप्त्याची गोष्ट म्हणजे ताई आणि रोकड म्हणजे धंदा, अशी आमच्याकडे वाटणीच होती. या पैशांचं दुसरं काही होऊ शकतं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

“त्या मशीनच्या दुकानात,” तो खाली मान घालून म्हणाला, “रोख चालतं का गं?”

“चालत असेल,” मी म्हणाले.

“काय म्हणाला तो?” आईने विचारलं.