खाऱ्या पाण्यातलं हिरवं

पाण्यात हिरवं दिसलं की आमचे अण्णा सावध व्हायचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. उभी हयात त्यांनी कोचीला गलाईच्या दुकानात काढली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात, म्हणजे अॅसिडात, घालायचे आणि चोख सोनं वेगळं करायचं, हे त्यांचं काम. तेजाब हिरवट झालं की त्यात तांबं उतरलं, म्हणजे खोट निघाली. त्यामुळे हिरव्या पाण्याकडे ते कायम संशयानं बघत. आणि असा माणूस दुकान मुलाच्या हाती सोपवून विट्याला परत आला तो समुद्रातल्या माशांची काचेची टाकी घेऊन. शेवाळ तर अशा टाकीच्या पाचवीलाच पुजलेलं.

आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि बैठकीत समुद्र! मशीनमधून गाळलेल्या पाण्यात अण्णा खास पाकिटातलं मीठ कालवत, तेही मापानं. नारिंगी माशांची एक जोडी, चार शंख आणि कोचीहून आणलेले प्रवाळाचे दगड, एवढा संसार. भाऊबंद बघायला यायचे आणि कालवणात वेगळं मीठ लागणार नाही म्हणून चेष्टा करायचे. अण्णा हसायचे, पण टाकीकडे पाठ करून बसायचे नाहीत.

शेवाळ आलं तरी ते लगेच खरवडायला धावत नसत. चिमटीत चोळायचे, वास घ्यायचे, भिंग लावून बघायचे. तपकिरी धूळ असली तर ती नव्या टाकीची, आपोआप जाते. तांबडी बुळबुळीत साय धरली तर पाणी नीट फिरत नाही, पंपाचं तोंड वळवा. केसांसारखं हिरवं वाढलं तर खाणं जास्त झालं. मग माशांना उपास आणि दिवा लवकर बंद. मला बजावायचे, “पोरी, आदी वळखायचं, मग हात लावायचा.” खाणं जास्त घातल्याचा आळ अर्थातच माझ्यावर यायचा.

मला भीती होती ती वेगळीच. तेजाबाच्या धुरानं अण्णांची छाती पार पोखरली होती. दुपारी ते पडले की मी हातातलं काम थांबवून त्यांच्या श्वासाची शिटी ऐकत राहायची. ती मध्येच थांबली की माझाही श्वास थांबायचा. नवरा कोचीला, घरात आम्ही दोघंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की साधा धूरही आता यांना सोसायचा नाही. मी चुलीवरची भाकरी बंद केली, देवापुढची उदबत्तीसुद्धा बंद केली.

मागच्या वर्षी एका दगडावर हिरवे मणी उगवले. पोपटी काचेचे असावेत तसे, गोल, चकचकीत; तेही एक शेवाळच. अण्णांनी ते उपटायला घेतले, एक दोन हातातच फुटले, आणि फुटलेला मणी म्हणजे पेरलेलं बी. पंधरवड्यात शेजारचा दगडही भरला. अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. सारखे टाकीपुढे उभे. “समदं खाऊन टाकंल गं हे,” म्हणायचे, आणि त्यांचा आवाज ऐकून मलाही धास्ती वाटायची.

गलाईवाल्याचा शेवटचा भरवसा आगीवर. मी बाजाराला गेले तेव्हा त्यांनी मण्यांचा पहिला दगड दुधाच्या मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर उकळायला ठेवला. दुकानात सोन्याचा कण उडू नये म्हणून खिडक्या लावून, पंखा बंद करून काम करायचे. त्याच सवयीनं इथंही सगळं लावून घेतलं. मण्यांच्या नादात त्याच दगडाच्या मागच्या अंगाला चिकटलेल्या तपकिरी गुंड्या त्यांनी बघितल्याच नाहीत. त्या गुंड्या म्हणजे जिवंत प्रवाळ. ते विषारी असतं, त्याला उघड्या हातानं शिवू नका, असं कोचीच्या माशांच्या दुकानदारानं देतानाच सांगितलं होतं. उकळल्यावर तेच विष वाफेतून छातीत जातं, हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी आले तर अण्णा बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेले, ओठ निळसर. “आत जाऊ नगंस,” एवढंच म्हणाले. आत गॅस तसाच चालू, आणि स्वयंपाकघर वाफेनं पांढरं झालेलं. ओला टॉवेल तोंडाला बांधून मी आत शिरले, गॅस बंद केला, मागचं दार उघडलं आणि परसात जाऊन पडले. तोंडाला लोखंडासारखी चव आली होती.

शेजाऱ्यांच्या गाडीतून सांगली गाठली. वाटेत अण्णांनी माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी असलं प्रकरण कधी बघितलं नव्हतं. मी मोबाईलवरचा दगडाचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी कुठं कुठं फोन लावले. मला दोन दिवसांत सोडलं. अण्णा ऑक्सिजनवर राहिले. मी काचेपलीकडून त्यांची छाती वरखाली होते का, एवढंच बघत बसायची. नळी निघाल्यावर त्यांचं पहिलं बोलणं असं: “मरायला न्हाई भ्यालो मी. तू त्या दारातनं आत गेलीस न्हवं, तवा भ्यालो.” मी तिथंच रडले.

घरी आल्यावर त्यांनी टाकी कोचीच्या दुकानदाराला परत पाठवायला लावली. मासे गेले तेव्हा बघायलाही उठले नाहीत. पण मी स्वयंपाकाला लागले की खुर्ची ओढत आणून स्वयंपाकघराच्या दारात बसायचे. चालायला त्रास व्हायचा, धाप लागायची, तरी यायचे. गॅस पेटला की मान वर, विझला की मान खाली. मी किती सांगितलं की आता काही होत नाही, तुम्ही पडा. ऐकलं नाही. मग मीच पाठमोरी राहून काहीबाही बोलत राहायला शिकले, भाजीचं, बाजारभावाचं, कोचीच्या फोनचं. ते हुंकार द्यायचे.

थंडीतल्या एका सकाळी चहा उकळत होता आणि मी अशीच बोलत होते. हुंकार आला नाही. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला, तरी मागं वळून बघायचं धाडस मला कितीतरी वेळ झालं नाही.