वहिनीचं घरचं नाव

वहिनीला ज्या गाडीने उडवलं, ती गाडी अजून सापडलेली नाही.

आज वर्ष झालं.

पेपरात बातमी आली ती सब-इन्स्पेक्टर रेखा पवार यांची. आमच्या घरात तिला या नावाने कुणीच हाक मारत नव्हतं. ते तिचं माहेरचं नाव. नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे सर्व्हिस रेकॉर्डला तेच आणि वर्दीवरच्या पट्टीवरही तेच.

लग्नात दादाने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं. वहिनीने ते वाचलं आणि मला हळूच म्हणाली, "भावजी, बढिया झालं. हे नाव एकाही मुजरिमला माहीत नाही."

मी हसलो. मला वाटलं जोक आहे.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

तिचे नियम कडक होते. घरातून निघायची सलवार-कमीजमध्ये, स्कूटीवर. वर्दी बॅगेत. पोलीस ठाण्यात जाऊन बदलायची आणि येताना पुन्हा साधे कपडे. इंदूरच्या सुदामा नगरमधल्या शेजाऱ्यांना वाटायचं, ही कुठल्यातरी सरकारी ऑफिसात क्लार्क असेल.

ती म्हणायची, "रेखा पवार ठाण्यात राहते. इकडे मी राहते. दोघींची जान-पहचान नाही, आणि व्हायला पण नको."

मग सियागंज बाजाराची केस आली. व्यापाऱ्यांकडून हप्ता उकळणारी टोळी. भीतीपोटी कुणी तोंड उघडत नव्हतं. वहिनीने दोन व्यापाऱ्यांना बोलतं केलं आणि टोळीचा म्होरक्या जेलमध्ये गेला.

कोर्टाबाहेर त्याने तिला अगदी अदबीने विचारलं होतं, "मैडम, आपका घर किधर पड़ता है?"

"थाने में," ती म्हणाली.

हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं. आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही.

त्या केससाठी तिला डिपार्टमेंटचं प्रशंसापत्र मिळालं. आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटात आनंद मावेना. कॉलनीच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. इंदूरमध्ये कुणाच्याही वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, मग सूनबाईच्या सत्काराला न लावून कसं चालेल?

वहिनी ड्यूटीवरून परत येत होती, तर चौकात तीच.

वर्दीतला हसरा फोटो. खाली "सौ." लावून सासरचं पूर्ण नाव. आणि आपण लग्नपत्रिकेत लिहितो तसं कंसात माहेरचं, रेखा पवार. त्याखाली शुभेच्छुक म्हणून अण्णा, घर नंबरासकट.

अण्णा शेजारीच उभे होते, शाल-श्रीफळ घेऊन.

तिने एवढंच विचारलं, "अण्णा, हा कब से लागलाय?"

"सकाळपासून. का गं, फोटो नाही आवडला?"

तिने समोरच्या दुकानातून स्टूल आणलं आणि स्वतःच्या हाताने फ्लेक्स उतरवला. मग अण्णांच्या पाया पडून शाल घेतली. फ्लेक्स आम्ही गच्चीवरच्या कूलरवर पांघरला, नावं आतल्या बाजूला करून.

तोवर मंडळाच्या ग्रुपवरून फोटो कुठे कुठे पोचले होते, देव जाणे.

थोड्याच दिवसांनी भर दुपारी गेटवर एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. त्याने वहिनीचं घरचं नाव घेतलं आणि विचारलं, "भाभीजी हैं?"

अण्णांनी सांगितलं, ड्यूटीवर आहे.

"कोई बात नहीं अंकलजी. रेखा मैडम को हमारा नमस्ते बोल देना."

मग जाता जाता म्हणाला, "बिटिया की छुट्टी कितने बजे होती है?"

अण्णांनी वहिनीच्या मुलीची, म्हणजे माझ्या पुतणीची, शाळा सुटायची वेळ सांगितली. दारात आलेल्या माणसाशी गोड बोलायची त्यांची जन्माची सवय. वर पाणीही विचारलं.

संध्याकाळी वहिनी आली तेव्हा डबा टेबलावर होता आणि माझी पुतणी तो उघडत होती. वहिनीने तिचा हात धरून बाजूला केला, डबा बॅगेत टाकला, आणि अण्णांकडून सगळं पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती, त्यामुळे मला ते ओळखायला वेळ लागला.

तिने ठाण्यात कळवलं. काही दिवस गेटवर शिपाई बसला. पुतणीला तिने दुसरीकडे पाठवलं.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही पण जा ना तिच्यासोबत."

"नाही भावजी. मी गायब झाले तर ते तिला ढूंढतील. मी इथेच दिसत राहिलेलं ठीक."

शिपाई उठला. त्यानंतर एका सकाळी, कॉलनीच्या वळणावर, ती गाडी आली.

वहिनी सलवार-कमीजमध्येच होती. बॅगेतल्या वर्दीची घडीही मोडली नव्हती.

चितेपाशी मानवंदना रेखा पवारला दिली गेली. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा दादाने घरचं सांगितलं. फ्लेक्स आणि गेटवरच्या त्या माणसानंतर दोन्ही नावं एकत्र आली ती तिथेच.

अण्णांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं असावं.

सुदामा नगरचं घर आम्ही सोडलं. नव्या घराला पाटी नाही. परवा कुरिअरवाला अण्णांचंच नाव विचारत आला. अण्णा गेटच्या आतूनच म्हणाले, "यहाँ इस नाम का कोई नहीं रहता." आणि आत येऊन बसले.

हे सगळं आज का लिहितोय?

मागच्या आठवड्यात मला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज सभ्य होता, बोली इंदुरी. "भिया, बिटिया कैसी है?"

मी म्हटलं, "कौन बिटिया?" फोन कट झाला. पोलिसांना कळवलंय.

म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्यातले बरेच जण वहिनीला ओळखायचे. आठवणी खुशाल लिहा. पण कमेंटमध्ये तिचं घरचं नाव लिहू नका. ज्यांना कळलं त्यांना कळलं, त्यावरून आणखी कुणाला पोरीचा माग लागायला नको. पुतणीचं नाव नको, शाळा नको, "आता केवढी झाली असेल" हेही नको. जुना ग्रुप फोटो कुणाकडे असेल तर तो तुमच्याकडेच राहू द्या.

वहिनी, तुम्हां दोघींना शेवटचा नमस्कार.

पोरगी सुखरूप आहे. कुठे आहे, ते तुम्हालाही इथे सांगत नाही.