साहेब कसा बसतो

माझ्या मैत्रिणीला केंद्रात सगळे मोजपट्टी म्हणतात. अंध माणसांना रस्ता दाखवणारी कुत्री ती तयार करते. मी त्याच केंद्राच्या ऑफिसात देणगीदारांना पत्रं लिहिते. साहित्य शिकून हेच करायचं होतं का, असं आई अजून विचारते. मोजपट्टी तसलं काही विचारत नाही. एवढंच म्हणते, की पत्रात आमच्या कुत्र्यांना मुके प्राणी म्हणू नकोस, दिवसभर बडबडत असतात.

हे नाव तिला कुत्र्यांच्या बसण्यावरून पडलं. तिचं कुत्रं ‘बस’ म्हटलं की पायाला लागून बसतं. पाठ सरळ, मागचे गुडघे आत, पंजे अंगाखाली. यात नुसता रुबाब नाही. रस्त्याच्या कडेला कुत्रं तिरकं बसलं, तर त्याचा पट्टा धरून उभ्या असलेल्या माणसाची दिशाही तिरकी होते. मिटिंगमध्ये तुमच्यापेक्षा हिची कुत्री बरी बसतात, असं आमची स्वयंपाकीण आम्हा सगळ्यांना ऐकवते. मोजपट्टीचं एकही कुत्रं आजवर नापास झालेलं नव्हतं.

साहेब म्हणजे तिचा काळा लॅब्रॅडोर. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ते शिंपी आहेत. सुट्टीत ती साहेबाला घरी न्यायची. तिथे शिलाई मशीनशेजारी तो एका कुल्ल्यावर रेलून, मागचे दोन्ही पाय एका बाजूला काढून बसायचा. बाबा म्हणायचे, साहेब निवांत आहेत, चहा विचारा त्यांना.

तिला ते बसणं डोळ्यांत खुपायचं. पिल्लं तशी बसतात, त्याचं काही नाही. पण हा मोठा झाला तरी बदलेना. मग तिने नेहमीचा उपाय केला. कुत्र्याला आपण आणि भिंत यांच्यामध्ये बसवायचं. पाय बाहेर काढायला जागाच उरत नाही. सरळ बसला की खाऊ. हळूहळू साहेब भिंतीशिवायही सरळ बसू लागला. ती खूश होती. मीही एका पत्रात त्याचं कौतुक लिहिलं.

साहेब जिच्याकडे जायचा होता, ती बाई एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिचं जुनं कुत्रं म्हातारं होऊन घरी बसलं होतं. तेव्हापासून तिला कामावर तिचा दीर सोडायचा. दीर चांगला आहे, पण रस्ताभर सल्ले देतो, कुत्रं देत नाही, असं ती सांगायची.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मोजपट्टी साहेबाला घेऊन जिना चढत होती. मी मागे होते. ती मधेच थांबली, परत खाली उतरली आणि त्याला पुन्हा चढवलं. तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलत होता, सशासारखे. वर पोचल्यावर तिने त्याला बसवलं. बसला सरळच. पण पुढचे पाय फाकलेले होते, सगळा भार त्यांच्यावर. उठताना त्याने स्वतःला पुढच्या पायांनी ओढून घेतलं.

तिने वाकून त्याच्या कमरेवरून हात फिरवला. मग म्हणाली, “दुखतंय म्हणून तो तिरका बसत होता. आणि मी त्याला भिंतीला दाबत राहिले.”

सवयही असेल, असं मी म्हटलं. असेल, ती म्हणाली, नुसत्या बसण्यावरून कुणालाच ठरवता येत नाही. पण बसणं, उठणं आणि जिना, तिन्ही एकाच ठिकाणी, खुब्याकडे, बोट दाखवत होते.

हॉलमध्ये परीक्षक, कुत्र्यांचे डॉक्टर आणि ऑपरेटर बाई येऊन बसले होते. साहेबाने सगळं बिनचूक केलं. परीक्षकांनी शाबासकी दिली आणि ऑपरेटर बाईंनी पट्टा घ्यायला हात पुढे केला. मला वाटलं, आता ही गप्प बसणार. कुणाला काय कळणार होतं?

“सर, थांबा. याला पास करू नका,” ती म्हणाली.

तिने त्याला हॉलच्या मधोमध नेलं, पट्टा सोडला आणि पाठ फिरवून उभी राहिली. साहेबाने जरा वाट पाहिली. मग घरच्यासारखा एका कुल्ल्यावर कलला. आपण त्याला भिंतीला लावून कसं सरळ केलं, ते तिने सर्वांसमोर सांगितलं. परीक्षक म्हणाले, तरुण कुत्री आळशी असतात. डॉक्टर मात्र उठले. पिल्लू असताना याचे खुबे मी हातानेच तपासले होते, ते म्हणाले, आता भूल देऊन एक्स-रे काढू.

मी नुसती बघत होते. पुस्तकांत असं धाडस वाचलं होतं. ते इतक्या साध्या आवाजात होतं हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक्स-रेचा निकाल कळला, तेव्हा ऑपरेटर बाई मुद्दाम आल्या होत्या. खुब्याची वाटी उथळ होती, हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नव्हता. वजन आटोक्यात ठेवलं, थोडं चालवलं, पोहायला नेलं तर साहेब छान जगेल, डॉक्टर म्हणाले. पण दिवसभर माणसाला घेऊन जिने चढणं त्याच्याकडून होणार नाही. तो आता शिंपीबाबांकडे राहणार होता.

मोजपट्टीने बाईंची माफी मागितली. दुसऱ्या शिक्षकाचं कुत्रं तयार आहे, ते महिन्याभरात मिळेल, तिने सांगितलं. तिचं पुढचं पिल्लू अजून वर्षभर तयार होणार नव्हतं.

“माझ्या कमरेचा एक्स-रे काढला तर मीपण नापास,” बाई म्हणाल्या. “मी वर्षभर थांबते. तुम्ही वाढवलेलाच द्या.”

“तोवर येणंजाणं?”

“दीर आहे की. कान पक्के झालेत माझे.”

दीर त्या दिवशी आला नव्हता. मोजपट्टी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला निघाली. मी गेटपाशी उभी राहून पाहत होते. बाईंनी तिचं कोपर धरलं. रस्त्याच्या कडेला मोजपट्टी थबकली, बाईही थबकल्या. एक ट्रक गेला. मग दोघी सरळ रेषेत रस्ता ओलांडून गेल्या.