तिसरी क्लिप

सिस्टर रिटायर झाल्या त्याला सात महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांनी घरातलं मोजता येण्यासारखं सगळं मोजून संपवलं होतं. चमचे मोजले, उशांचे अभ्रे मोजले, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, समोरच्या इमारतीच्या खिडक्याही मोजल्या. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभं राहिलेल्या बाईला दुसरं येणार तरी काय? सर्जनच्या हातात हवं ते हत्यार द्यायचं आणि पोट शिवण्याआधी सगळे चिमटे, सुया, रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजून घ्यायचे, ही त्यांची नोकरी. आत गेलेलं सगळं बाहेर आलं का, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारला.

एकदा एक मोठे सर्जन घाईत होते. "दोरा द्या सिस्टर, बंद करतो."

"एक गॉज कमी आहे, सर."

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे, सर?"

सर्जनच्या नाकावर राग. त्यांनी आकाशपाताळ एक केलं. पण सिस्टरनी दोरा दिला नाही तो नाहीच. शेवटी गॉज यकृताच्या मागे सापडला. त्या दिवसापासून ते सर्जन सिस्टरशी आवाज खाली ठेवून बोलू लागले आणि बाकीचे त्यांना मागून 'मोजणी खातं' म्हणू लागले. सिस्टरच्या कानावर ते आलं होतं. त्यांना वाईट वगैरे काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

तर अशा बाईच्या दारात एका सकाळी कुरिअरवाल्यानं धापा टाकत एक खोकं आणून आदळलं.

"काय दगड मागवलेत का, मावशी?"

"चेनसॉ आहे. झाड कापायचं मशीन. सुटं."

कुरिअरवाला हसला. मावशी हसत नाहीत असं पाहून त्यानं हसू आवरलं आणि घाईघाईनं सही घेऊन काढता पाय घेतला.

खोक्यात सुटे भाग होते. नावाजलेल्या मशीनसारखेच, पण दुसऱ्याच कुणीतरी बनवलेले आणि म्हणून स्वस्त. इंजिनाच्या सांगाड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं होतं, फक्त ते जोडायचं कसं हे सांगणारा कागद नव्हता. सिस्टरनी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, स्टीलचे ट्रे मांडले आणि एकेक पिशवी फोडून वहीत लिहायला घेतलं. पिस्टन एक. पिस्टनची पिन एक. पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या क्लिपा, नखाएवढ्या, तीन. लागतात दोन, तिसरी जादा. संध्याकाळपर्यंत एकशे एकेचाळीस वस्तू झाल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना जेवण गोड लागलं.

मागच्या अंगणात एक वाळलेलं झाड स्वयंपाकघराच्या छपरावर झुकलं होतं, ते पाडायचं आहे, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. खरं तर त्यांना झाड पाडायचं नव्हतंच. त्यांना भावाला उठवायचं होतं.

त्यांचा धाकटा भाऊ झाडं कापायचा. लोक त्याला 'झाडवाला' म्हणूनच ओळखत. उंच झाडावर दोर टाकून चढायचा, वरून शिट्टी वाजवायचा आणि अशी फांदी उतरवायचा की खालच्या कुंडीला धक्का लागू नये. दीड वर्षापूर्वी चालत्या मशीननं उसळी घेतली. अशा वेळी ब्रेकनं साखळी जागच्या जागी थांबायला हवी, ती थांबली नाही. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला. त्याला आणलं तेव्हा थिएटरात ड्युटी नेमकी सिस्टरची. दुसरी कुणी असती तर बाहेर जाऊन रडली असती. सिस्टरनी गॉज मोजले. आत सतरा, बाहेर सतरा. घरी आल्यावर मग त्या रडल्या.

हात बरा झाला, बोटं हलू लागली, पण माणूस बसला तो बसलाच. "मशीन जुनं झालं होतं," एवढंच सगळ्यांना सांगून त्यानं ते भंगारात टाकलं आणि एका गोदामाच्या दारावर वॉचमनची नोकरी धरली. दिवसभर खुर्ची. शिट्टीही गेली.

"घरात असतात हो, वन्सं," भावजय एकदा म्हणाली होती, "पण नसतात."

सिस्टरनी भावाला मुद्दामच फोन केला नाही. त्यांनी भावजयीला केला आणि सहज बोलता बोलता सांगितलं की, मी मशीन जोडतेय, रविवारी झाडाला हात घालणार. त्याच दुपारी धाकटा दारात हजर.

"ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तू झाड पाडणार?"

"का? माणसं कापताना चौतीस वर्षं बघितलीत. झाडाचं काय एवढं?"

त्यानं टेबलाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मशीनच्या पोटात अजून काहीच नव्हतं. पण लांब पट्टी आणि तिच्यावरची साखळी मात्र ऐटीत लावून तयार होती, कारण तेवढंच सिस्टरना कळलं होतं.

"आधी दातच बसवलेस? आणि तेही उलटे!"

"उलटे कसे?"

"वरच्या बाजूचे दात टोकाकडे बघायला पाहिजेत. अशी साखळी लावून गेलीस तर झाड कापायचं नाही, त्याला गुदगुल्या होतील नुसत्या."

आणि तो हसला. दीड वर्षानं. सिस्टर वहीत डोकं खुपसून बसल्या, कारण त्या क्षणी त्यांचं तोंड बघण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून तो रोज ड्युटी संपली की यायचा. आधी नुसता बसून चुका काढायचा. मग "आण इकडे" म्हणू लागला. क्लच उलट्या आट्यांचा असतो, नेहमीच्या बाजूनं पिळत बसलीस तर जन्मभर घट्ट होणार नाही, हे त्यानं बहिणीला शिकवलं. बहिणीनं त्याला शिकवलं की पाना परत ठेवायचा तो त्याच ट्रेमध्ये, त्याच जागी. दोघं लहानपणीसारखी भांडायची. मात्र मशीन जोडून झाल्यावर चालवणार कोण, हा विषय निघाला की धाकटा घड्याळाकडे बघायचा आणि उठायचा.

मधे एकदा भावजय तणतणत आली. "वन्सं, एकदा मरणाच्या दारातून आणलंत ना त्यांना? मग आता तुम्हीच परत त्या मशीनच्या तोंडी देताय?"

बाईचं चुकत नव्हतं. सिस्टर हळूच म्हणाल्या, "काल घरी आल्यावर काय केलं त्यानं?"

भावजयीचा आवाज खाली आला. "जेवताना बोलत होते. तुमच्या उलट्या दातांची गोष्ट. दोनदा सांगितली." ती जायला वळली आणि म्हणाली, "ब्रेक नीट लावा. एवढंच सांगते."

शनिवारी इंजिनाचं तोंड बंद करायचं होतं. पिस्टनमध्ये पिन घालून तिच्या दोन्ही तोंडांना क्लिपा बसवायच्या. या क्लिपा म्हणजे नुसता वैताग. चिमट्यातून सुटली की कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून सिस्टरनी इंजिनाच्या उघड्या तोंडावर गॉजचा तुकडा पसरला होता. पहिली बसली. दुसरी सटकली, कुठेतरी उडाली, तेव्हा धाकट्यानं तिसरी घेतली आणि ती नीट बसवली. मग गॉज ओढून काढला, वर सिलिंडर बसवला, चारही बोल्ट आवळले आणि हात पुसले.

"झालं! आता कार्ब्युरेटर."

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "उडाली ती क्लिप कुठाय?"

"असेल इथेच. खाली पडली असेल."

खाली नव्हती. सिस्टरनी फरशी झाडली, कचऱ्यातून लोहचुंबक फिरवलं, चादर झटकली, भावाच्या शर्टाची घडीन् घडी उलटून पाहिली. गॉजही झटकला. कुठेच नाही. धाकट्यानं इंजिनाला कान लावून आतला दांडा फिरवला.

"काही वाजत नाही. आत नाहीये, ताई. लागतात दोन, दोन्ही जागेवर आहेत. आता एक तारेचा तुकडा, असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"अगं, पुन्हा सगळं खोलायचं? एका क्लिपसाठी? एवढ्या तेवढ्यानं काय होतं..."

आणि तो मधेच थांबला. वाक्य तसंच राहिलं. सिस्टर त्याच्याकडे बघत होत्या, पण त्या काही बोलण्याआधीच तो खुर्चीत बसला. चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"काय रे?"

"असंच म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "त्या दिवशी. हेच शब्द."

सिस्टरनी पाना खाली ठेवला.

"मशीन जुनं नव्हतं, ताई. सकाळी मी ब्रेकचं झाकण काढून साफ केलं. परत लावलं आणि बघतो तर एक स्प्रिंग खाली राहिलेली. एवढीशी. झाडाचा मालक डोक्यावर उभा, चला चला करत होता. म्हटलं, एवढ्या तेवढ्यानं काय होतं, आणि टाकली खिशात." त्यानं पाकीट काढलं, आतल्या चोरकप्प्यात बोट घातलं आणि एक बारीक, काळी पडलेली स्प्रिंग पांढऱ्या चादरीवर ठेवली. "कुणालाच सांगितलं नाही. घरीपण नाही. मशीनवर ढकललं. हातानं धोका दिला असता तर परत चढलो असतो ताई, पण मला माझाच भरवसा राहिला नाही."

दीड वर्ष ही स्प्रिंग त्यानं खिशात बाळगली होती. सिस्टरना त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, आणि त्यांनी घेतलंही, पन्नाशीच्या भावाचं डोकं पोटाशी धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि पाना त्याच्या हातात दिला.

"खोल."

चार बोल्ट निघाले. सिलिंडर उचलला. इंजिन उपडं केलं, काही पडलं नाही. धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. सिस्टरनी कपाटातून आपला लांब वाकडा चिमटा काढला, रिटायर होताना थिएटरातल्या मुलींनी भेट दिलेला, आणि टॉर्च भावाच्या हातात दिली. "हलवू नकोस. डावीकडे. अजून खाली."

दांड्याच्या मागे, तेलात चिकटून, क्लिप बसली होती. गॉजच्या घडीत अडकलेली, आणि गॉज ओढताना आत घसरलेली. तेलामुळे वाजत नव्हती. इंजिन सुरू होताच ती सुटली असती आणि पिस्टनचा चुरा झाला असता.

सिस्टरनी ती उचलून ट्रेमध्ये टाकली. टण् असा बारीक आवाज झाला.

"तीन," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वही ओढली, एकशे एकेचाळिसाच्या खाली एक नवी ओळ लिहिली, 'ब्रेकची स्प्रिंग, जुनी, एक', आणि पुढे बरोबरची खूण केली. "आता ही पाकिटात ठेवायची नाही," त्या म्हणाल्या. "इथे ट्रेमध्ये राहील. आणि आज घरी जाऊन बायकोला सांग."

"चिडेल ती."

"चिडू दे. तिचा हक्क आहे."

भावजय चिडली, चांगली दोन दिवस चिडली. तो रविवार तसाच गेला. पुढच्या रविवारी मात्र ती त्याच्याबरोबर आली आणि अंगणाच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी राहिली. धाकट्यानं ब्रेक उघडला होता, नव्या मशीनची स्प्रिंग जागेवर आहे हे तिला बोट लावून दाखवलं होतं आणि तिच्यासमोरच झाकण लावलं होतं.

मशीन सुरू व्हायला नखरे करत होतं. दोरी सहा वेळा ओढली, नुसता खोकला. सातव्यांदा धूर. आठव्या ओढीला ते असं काही गर्जलं की शेजारचं कुत्रं ओट्याखाली शिरलं. धाकट्यानं साखळी फिरवली आणि मनगटानं ब्रेक ढकलला. साखळी थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा ढकलला. थांबली. तिसऱ्यांदा त्यानं बायकोकडे बघून ढकलला. तिनं मान हलवली.

मग त्यानं दोर टाकला. आधी छपराकडच्या फांद्या एकेक करून खाली आल्या. पहिल्या फांदीआधी त्यानं ब्रेक आणखी एकदा ढकलून पाहिला, सिस्टरनी ते पाहिलं. चौथ्या-पाचव्या फांदीला त्याला कुणाचंच भान नव्हतं. बुंधा शेवटी मोकळ्या अंगणात आडवा झाला, एकही कौल न फोडता, आणि भुसा खाली बसतो न बसतो तोच शिट्टी ऐकू आली. तो चक्क आडव्या बुंध्यावर उभा राहून शिट्टी वाजवत होता. भावजय वळून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

काम झाल्यावर धाकट्यानं ओट्यावर पांढरी चादर अंथरली. मशीनचं झाकण काढलं, भुसा पुसला, एकेक भाग रांगेत मांडला. सिस्टर वही-पेन घेऊन आल्याच होत्या.

"मोज, ताई," तो म्हणाला.

सिस्टरनी चादरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पेनाचं टोपण लावलं आणि वही त्याच्या पुढ्यात ठेवली.

"तूच मोज," त्या म्हणाल्या. "मी रिटायर झालेय."

त्या पायरीवर टेकल्या. भावजयीनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला. ओट्यावर त्यांचा भाऊ एकेका भागावर बोट ठेवून मोठ्यानं मोजत होता.