छबूमावशी पिक्चर सांगते

माझी छबूमावशी लग्नानंतर तीस वर्षं कळसाडीत राहिली, पण पिक्चरला म्हणून शहाद्याला गेली नाही. तो नाद तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मगन मावसांचा. कापसाची गाडी खाली केली की ते परस्पर टॉकीज गाठायचे. पुढे साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी गेली. ओट्यावर बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.

एक दिवस मावशीनं त्यांची चप्पल पुढ्यात ठेवली. "चला. पिक्चर देखाले जाऊत."

"मी काय देखू?"

"मन्हा डोया शेतस ना. मी सांगसू." माझे डोळे आहेत ना, असं तिचं म्हणणं.

पहिला पिक्चर फायटिंगचा होता. मावशी नुसतं "मारी ऱ्हायना, मारी ऱ्हायना", मारतोय, मारतोय, एवढंच म्हणत राहिली. मावसा चिडले, "अवं, कोण कोणले मारी ऱ्हायना?" तेव्हापासून ती नीट बघायला शिकली. कुणाचा हात वर गेला, कोण मागून आलं, बारीक आवाजात सगळं सांगायची. बघता बघता तिची मतंही पक्की झाली. फायटिंगवाल्यांवर तिचा राग एवढाच, की पन्नास माणसं लोळवूनही हिरोला तहान लागत नाही. भुताच्या पिक्चरमध्ये भूत तोंड दाखवेपर्यंतच मजा. मावसांना मात्र तेच पिक्चर सगळ्यात आवडायचे. दार करकरलं की ते तिचा हात घट्ट धरायचे आणि मग खुशीत हसायचे.

जादूच्या पिक्चरबद्दल ती मला एकदा म्हणाली, "उडणारा राजवाडा मीही कधी पाहिला नाही, यांनीही नाही. तिथं आम्ही दोघं सारखेच."

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्यासोबत नंदुरबारला गेले. हत्तीच्या पिल्लाचं कार्टून लागलं होतं. मावशीला कार्टून म्हणजे पोरांचा खेळ वाटायचा, पण मावसांनी हट्ट धरला. पिक्चर सुरू झाला तशी ती कुजबुजू लागली. पुढचा माणूस वळला. "बाई, गप्प बसा ना. आम्हाला दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय, भाऊ. यांना नाही," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही की माफी मागितली नाही. मावसांचा हात धरून ती सरळ मागच्या रिकाम्या रांगेत भिंतीकडे जाऊन बसली. मीही मागोमाग गेले.

तिथं तिला रंगत चढली. "पिल्लू लाल मातीत लोळलं. आता मिरचीच्या ढिगातून निघाल्यासारखं दिसतंय." मावसा पोट धरून हसले.

मग नदीला पूर आला. पिल्लाला काठावर ढकलता ढकलता हत्तीण वाहून गेली. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं, नुसती बासरी वाजत होती. मावशी गप्प झाली.

"काय व्हयनं?" मावसांनी विचारलं.

मला वाटलं, आपणच काहीतरी सांगावं, हत्तीण पलीकडच्या काठाला लागली म्हणावं. मी वाकलेसुद्धा. मावशीनं मला हातानं थांबवलं.

"त्यानी माय मरी गयी," ती म्हणाली. मग हळूहळू सांगू लागली. पिल्लू काठावर उभं आहे. सोंड पाण्याला लावतंय, परत काढतंय. आभाळ उघडलंय. मावसांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती त्यांच्याकडे न बघता पडद्यावरचं एकेक सांगत होती.

परतीच्या एस.टी.त मावसा म्हणाले, "तू चूप बसनी, तवयच मले समजनं."

"मग विचारलंत कशाला?" मावशी म्हणाली.

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

मावशी खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "पोरांचा खेळ नव्हता गं तो. ज्यानं ती चित्रं काढली, त्यानं कुणाला तरी जाताना पाहिलं असणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उखाआबा आणि दोघं-तिघं शेजारी ओट्यावर जमले. मावसा त्यांना पिक्चर सांगत होते, लाल मातीसकट, अगदी समोर दिसत असल्यासारखा. पुरापाशी आले आणि थांबले.

"छबू, बाहेर ये," त्यांनी हाक मारली. "इथून पुढे तू सांग."

मावशी पिठाचे हात पुसत आली आणि त्यांच्या शेजारी टेकली.